शेवटच्या मोटरीचा पहिला नंबर

मी बनवलेलं पहिलं यंत्र लोणच्याच्या बरणीत बसलं होतं. हसू नका. आता मी मुलांना पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, टेबलावर जाडजूड पुस्तकं असतात, आणि मागे एका प्रयोगशाळेत खराखुरा सॉलिड स्टेट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सवर चालणारा नवा ट्रान्सफॉर्मर, पाहायला बोलावलं तेव्हा ठेवणीतली साडी नेसून गेले होते. तिथला तरुण इंजिनीअर भलताच उत्साही. "मॅडम, लाईनच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडलं, तर हा आपला आपण ओळखतो आणि सावरून घेतो." मी मान डोलवत होते, पण नाकात हिंग-मोहरीचा वास दरवळायला लागला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या तात्यांनाही जमायचं हे." त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, "कुठल्या कंपनीचा तो, मॅडम?"

आता त्या बिचाऱ्याला काय सांगायचं? तिथं नाही सांगता आलं, म्हणून इथं सांगते.

माझं माहेर शनिशिंगणापूर. तिथल्या घरांना दारं नसतात हे आता सगळ्या जगाला ठाऊक झालंय. आमचं घर बौद्धांचं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, शनीशी आमचं घेणं ना देणं. पण दार आम्हीही लावलं नव्हतं. कुणी वडिलांना छेडलं तर ते म्हणायचे, "सगळ्या गावात आपलंच दार बंद दिसलं, तर लोक म्हणतील ह्यांनी आत काय दडवलंय?" कुत्रं शिरू नये म्हणून चौकटीत एक फळी आडवी ठेवायची, एवढाच आमचा बंदोबस्त. पुढे नगरला डिप्लोमाला गेल्यावर होस्टेलच्या खोलीला मी कुलूप लावायला विसरायची आणि मैत्रिणी माझ्या नावानं बोटं मोडायच्या.

आत्या दिली होती मिरजगावच्या पुढे, आत शेतात. तिचे मालक, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, श्रीगोंद्याकडे साखर कारखान्यात कामाला. ते आठवड्यानं यायचे. त्यामुळे शेत सगळं आत्याचं. वतनातून मिळालेल्या तुकड्यावर तिनं लिंबोणीची बाग लावली होती. खड्डे तिनं स्वतः खणलेले, पहिली दोन वर्षं घागरीनं पाणी घातलेलं. आत्या तशी बोलायला कडक, माझ्यापेक्षाही कडक, आणि मी काही गोड बोलण्याबद्दल प्रसिद्ध नाही. पण बागेत शिरली की तिचा आवाज उतरायचा. झाडाला हात लावून विचारायची, "काय गं, तहान लागली व्हय?" मला लाज वाटायची. आता नाही वाटत.

तिच्या हातचं लिंबाचं लोणचं म्हणजे काय विचारता! उन्हात मुरवलेलं, साल मऊसूत, चाखलं की जीभ टाळूला चिकटायची. पण वस्तीबाहेर ते कुणाकडे जायचं नाही. गावात मोठी बागायत होती तात्यांची. त्यांच्या मालकीणबाई, म्हणजे काकू, दर उन्हाळ्यात आत्याकडून पाटीभर लिंबं घेऊन जायच्या आणि लोणचं आपल्या घरी घालायच्या. तक्रार एकच, "तुमच्यासारखं मुरत न्हाई, बाई." आत्या म्हणायची, "मग माझंच न्या की." काकू हसायच्या आणि पदर सावरायच्या. लिंबं चालायची, लोणचं नाही. झाडावरचं चालायचं, आमच्या हातचं नाही. सगळं कसं हसतखेळत चालायचं, आणि मला त्या हसण्याचाच जास्त राग यायचा.

आता डीपी. खांबांवर चढवलेला जो तेलाचा ट्रान्सफॉर्मर रानातल्या मोटरींना वीज देतो, त्याला आमच्याकडे डीपी म्हणतात. तो बसला होता तात्यांच्या बांधाला. तिथून तारा निघायच्या, एकेका विहिरीवरून पुढे जायच्या आणि सगळ्यात शेवटी आत्याच्या वस्तीवर संपायच्या. लाईन शेवटी कुणाच्या वस्तीवर संपते, हे महाराष्ट्रात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

लाईट येण्याजाण्याचा काही भरवसा नसायचा. स्टार्टरपाशी बसून बसून लोक कंटाळले, आणि मग नव्वदनंतरच्या त्या वर्षांत 'ऑटो' नावाचं खूळ आलं. एक छोटीशी वस्तू स्टार्टरला जोडली की लाईट आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू. माणूस घरी घोरत पडला तरी चालेल. एकानं बसवला, मग त्याच्या शेजाऱ्यानं, मग सगळ्यांनी. कोण मागे राहतोय?

झालं असं, की आधी माणसं पुढेमागे पोचायची आणि मोटरी पुढेमागे लागायच्या. आता लाईट आली की साऱ्या शिवारातल्या मोटरी एकदम उठायच्या. उभी मोटर फिरायला लागताना जेवढा करंट ओढते, त्याहून कितीतरी कमी फिरती मोटर ओढते. बंद पडलेली जीप ढकलताना पहिल्या रेट्यालाच खरा दम लागतो, तसं. त्यात सगळ्यांच्या जीपगाड्या एकाच बिचाऱ्या बैलानं ढकलायच्या! फ्यूज उडायचा. मग कुणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार घालायचा. ती उडाली की त्याहून जाड. आणि एक दिवस फ्यूज राहायचा जागेवर आणि डीपीच जायचा.

माझं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष होतं त्या उन्हाळ्याच्या तोंडालाच तो दुसऱ्यांदा जळला. मी आत्याकडे गेले होते. नवा डीपी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आला तेव्हा सगळं शिवार गोळा झालं होतं. काकूंनी हळदकुंकू वाहिलं, तात्यांनी नारळ फोडला, दोर लावून सगळ्यांनी मिळून तो वर चढवला. वायरमन खाली उतरला, तोंडावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "ह्यो गेला तर पावसाळ्याच्या आत दुसरा मिळायचा न्हाई. मला शिव्या दिऊन उपेग न्हाई, सांगून ठिवतो."

तात्यांच्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं. इतर काहींची उन्हाळ्यात रानं मोकळीच असायची. पण आत्याची बाग? डीपी जळून नवा येईपर्यंतच्या खाड्यात पानं वळायला लागली होती, आळ्यांमध्ये हिरवी लिंबं गळून पडली होती. आणखी एक खाडा पडला असता तर बाग संपली होती. लिंबोणी एकदा वाळली की ती पुढच्या पावसाला फुटत नाही, तिचं सरपणच होतं. त्या दिवशी आत्या नारळाचा तुकडा हातात घेऊन डीपीकडे बघत उभी होती. खाल्ला नाही तिनं तो.

मी नगरला परतले ती हेच डोक्यात घेऊन. आमचे एक सर होते. वर्गात मुली आम्ही अगदी मोजक्या, पण सरांनी कधी "मुलींनी पुढं बसा" असलं केलं नाही, सगळ्यांनाच सारखं फैलावर घेत. ते एकदा ट्रान्सफॉर्मर शिकवता शिकवता म्हणाले होते, की एक दिवस असा ट्रान्सफॉर्मर येईल, ज्यात तेल नसेल, एवढं थोरलं लोखंड नसेल, ती गुणगुण नसेल. आत सिलिकॉनची बटणं असतील, डोळ्याचं पातं लवायच्या आत हजारदा उघडझाप करणारी. आजचा ट्रान्सफॉर्मर मुका आहे, कुणी कितीही मागितलं तरी देत राहतो आणि शेवटी जळून जातो. तो नवा मात्र बघेल, कुणाला किती द्यायचं ते ठरवेल, आणि अंगावर यायला लागलं तर 'थांब' म्हणेल. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, आमच्या गावात आधी साधा तरी टिकू द्या!" वर्ग फिदीफिदी हसला. सरही हसले.

मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, "सर, तुमचा तो ट्रान्सफॉर्मर कधी यायचा?"

"माझ्या नोकरीत तरी नाही."

"मग मुक्या ट्रान्सफॉर्मरच्या वतीनं मोटरींनाच 'थांब' म्हणता येईल का?"

सरांनी चष्मा काढला. मग प्रयोगशाळेच्या कपाटामागून भंगारातल्या टीव्हीच्या बोर्डांचं एक खोकं ओढून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "ह्यातले ट्रान्झिस्टर काढ. जळलेले निघतील पुष्कळ, कुरकुर करायची नाही." त्या माणसाचे उपकार मी कशानं फेडू? शिकवणारे पुष्कळ भेटतात हो. खोकं ओढून देणारा एखादाच.

यंत्र अगदी साधं होतं. ऑटो आणि स्टार्टरच्या मध्ये बसायचं. लाईट आली की ते लगेच मोटर लावायचं नाही, थोडं थांबायचं, आणि मग आतला रिले 'टक्' करून मोटरीची वीज जोडायचा. किती थांबायचं ते ठरवायला एक गोल बटण, रेडिओचा आवाज कमीजास्त करायला असतं तसलं. एकाचं थोडं फिरवायचं, दुसऱ्याचं त्याहून जास्त, म्हणजे मोटरी एकामागून एक लागणार. सोल्डरचे डाग देता देता माझी बोटं भाजली, मैत्रिणी म्हणाल्या लग्नात मेंदी काळी दिसेल. परीक्षा झाली तशी सगळा माल पिशवीत भरून मी एसटीनं मिरजगाव गाठलं.

डीपीखाली बैठक बसली. मी समजावून सांगितलं आणि मला वाटलं, झालं काम. कसलं काय! उंटावरून शेळ्या हाकणारी ठरले मी. यंत्राबद्दल कुणाची तक्रार नव्हती. भांडण लागलं नंबरावरून.

मी म्हटलं, "शेवटच्या विहिरीचा पहिला नंबर. मग तिच्या अलीकडची, मग अलीकडची, आणि डीपीजवळची सगळ्यात शेवटी."

मग तात्या म्हणाले, "म्हंजी तुज्या आत्याचा पयला आन माजा शेवटचा?"

"व्हय."

"लई हुशार हायस की गं."

मी समजावलं, की व्होल्टेज तारेवरून जाता जाता कमी होत जातं. मध्ये जितक्या मोटरी चालू, तितकं शेवटाला कमी पोचतं. शेवटची मोटर सगळ्यांच्या मागून लावली तर तिला उठायलाच बळ राहत नाही. एकदा फिरायला लागली की कमी व्होल्टेजवरही निभावते, पण उठताना तिला पुरेसं मिळालं पाहिजे. तात्यांची डीपीला खेटून, तिला केव्हाही लावा, ती उठणारच. सगळं खरं होतं. सगळं पुस्तकातलं होतं. आणि ते ऐकताना प्रत्येकाच्या तोंडावर एकच वाक्य होतं, की पोरीनं आपल्या माणसांची सोय लावली.

"पाण्याला कदी कुनाचा नंबर पयला हुता, ते आमाला ठावं हाय," कुणीतरी मागून म्हणालं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी तोंड उघडणार, एवढ्यात आत्या उठली.

"मला शेवटचा लावा," ती म्हणाली. "कुनाच्या उपकारात न्हाई ऱ्हायचं मला."

"आत्या, अगं तुझी मोटर उठणार नाही!"

"तू गप. डीपी वाचतोय न्हवं? बास झालं."

डीपी वाचणार आणि बाग मरणार, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण हेका तो हेका. आमच्या घराण्यातच आहे तो.

दुसरा प्रश्न निघाला बटणाचा. मी पत्र्याच्या डब्या आणि कुलपं आणावी म्हणत होते, म्हणजे कुणी आपलं बटण मागे फिरवून पुढे घुसणार नाही. लगेच सुरू, किल्ली कुणाकडे? तात्यांकडे असली तर बाकीच्यांना शंका, माझ्याकडे असली तर तात्यांना. शेवटी मी वैतागून म्हटलं, "आमच्या शिंगणापूरला दारंच नसतात, म्हणून कुणी किल्ली मागत नाही! उघडंच ठेवा सगळं, ज्याला बघायचं त्यानं जाता-येता बघावं." रागात बोलले होते, पण ते सगळ्यांना पटलं. अडचण एवढीच, की उघडं ठेवलं तर पाली शिरणार. पाल स्टार्टरमध्ये शिरली की स्वतः भाजते आणि स्टार्टरही जाळते, हे रानात सगळ्यांना माहीत असतं.

तेव्हा आत्या घरात गेली आणि लोणच्याची प्लास्टिकची बरणी रिकामी करून, धुऊन घेऊन आली. पारदर्शक. झाकण पाल अडवणार, बटण बाहेरून दिसणार. मग काय, घराघरातून बरण्या निघाल्या. कुणाची गोळ्याबिस्किटांची, कुणाची मसाल्याची. तात्यांच्या घरून काकूंनीही आपली एक चांगली रुंद तोंडाची बरणी दिली. तापल्या खिळ्यानं बुडाशी भोक पाडून मी वायरी घेतल्या, बटण कुठवर फिरवायचं तिथं नेलपॉलिशची लाल रेघ मारली, आणि प्रत्येक बरणीवर त्यानंच नंबर टाकला. विहिरी-विहिरींवर बरण्या टांगल्या गेल्या. वायरमन बघायला आला आणि म्हणाला, "ह्ये कुठलं लोनचं?"

लाईट आली. आणि देवाशपथ सांगते, देव न मानणारी मी, पण असलं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. डीपीकडून पहिली मोटर लागली, जरा वेळानं तिच्या पुढची, मग तिच्याही पुढची. आवाज चालत चालत आमच्याकडे येत होता. डीपी शांत. फ्यूज शाबूत. पोरं नाचायला लागली.

आणि मग आत्याच्या बरणीत 'टक्' झालं. मोटरीनं 'घूंऽऽ' केलं आणि तिथंच अडली. फिरेना. आतल्या तारांचं वार्निश तापल्याचा वास सुटला, आणि स्टार्टर खटकन पडला, मोटर बंद. आत्यानं पुन्हा लावली, पुन्हा तेच. मी तिचा हात धरला. मोटर जळली असती.

मग रोज तेच. बाकीच्यांच्या मोटरी बंद व्हायच्या आधी लाईटच जायची. सगळ्यांच्या दांडातून पाणी वाहतंय आणि आत्या आपल्या विहिरीतून घागरीनं पाणी शेंदून झाडांच्या बुडात ओततेय. बांधाकडेच्या काही लिंबोण्या गेल्याच. मी म्हणायची, जाऊन सांगते तात्यांना. ती म्हणायची, पाय मोडून ठेवीन. एक दिवस मी चोरून तिची बरणी उघडून बटण मागे फिरवायला गेले. तिनं बघितलं. नुसतं त्या लाल रेघेवर बोट ठेवलं. बरणी पारदर्शक होती, कुणी बघितलं असतं तर उद्या सगळ्यांच्या रेघा पुसल्या गेल्या असत्या. तिचं बरोबर होतं, आणि मला रडू येत होतं, रागानं.

अशात काकू आल्या लिंबं न्यायला. त्यांना काही माहीत नव्हतं. आत्यानं पाटी पुढे ठेवली, तळाला चार-दोन लिंबं, तीही सुकलेली. काकू बागेत शिरल्या. एकेका झाडापाशी थांबल्या. मग नेमकी लाईट आली, सगळ्यांच्या मोटरी लागल्या, आणि शेवटी आमची 'घूंऽऽ' करून पडली.

"ह्ये रोज असं हुतं?" काकूंनी मला विचारलं.

मी आत्याकडे बघितलं. आत्या घागर उचलून निघून गेली होती.

"रोज," मी म्हणाले.

काकू लिंबं न घेताच परतल्या. दुसऱ्या दिवशी उन्हाच्या कारात, डोक्यावर टॉवेल टाकून, तात्या स्वतः बांधाबांधानं चालत आले. त्या वस्तीवर ते असे कधी आलेले मला आठवत नाहीत. माझ्याशी बोलले नाहीत, मोटरीपाशी दगडावर बसले. आत्यानं दारातून बघितलं आणि आतच राहिली. आम्ही दोघं लाईटची वाट बघत बसलो, एकमेकांकडे पाठ करून म्हटलं तरी चालेल.

लाईट आली. लांबून तात्यांचीच मोटर पहिली लागली. त्यांनी कान दिला. मग पुढची, तिच्या पुढची, आवाज जवळ जवळ येत गेला. मग आमची 'टक्'. 'घूंऽऽ'. तात्या उठून मोटरीजवळ गेले, हात जवळ नेला, वास घेतला. स्टार्टर पडला.

त्यांनी बरणीवरच्या नंबराकडे पाहिलं. मग म्हणाले, "ही तर उठायला बगती, पन उठू देत न्हाई आपन."

एवढं बोलून त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "चल पोरी. माजी बरनी शेवटाला लाव."

"आणि मधल्यांचं?"

"मधल्यांचं मी बगतो. गाव करील ते राव काय करील, म्हनत्यात. पन कदी रावानं बी करावं लागतं." मग आवाज चढवून, घराकडे तोंड करून म्हणाले, "वैनी! उद्या तुमचा पयला नंबर. उपकार न्हाई. पोरीनं सांगितलं तेच खरं हाय, आमीच आयकलं न्हाई."

आत्याला वैनी म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. थोड्या वेळानं आत्या तांब्या-भांडं घेऊन बाहेर आली आणि तात्यांपुढे ठेवलं. तात्या क्षणभर थबकले. मग भांडं उचलून पाणी प्याले, उभ्याउभ्याच, घटाघटा. ऊन फार होतं, असं ते नंतर कुणाला तरी म्हणाले म्हणे. असेल. पण प्याले.

मी सगळ्या रेघा पुसून नव्या मारल्या. तात्यांच्या बरणीवरचा एक पुसून शेवटचा नंबर टाकला. दुसऱ्या दिवशी लाईट आल्यावर पहिला 'टक्' आमच्याकडे झाला. मोटर एकदा गुरगुरली आणि उठली. नळीला हिसका बसला, पाणी आलं. आत्या दांडाच्या कडेनं पाण्याबरोबर चालत गेली, पहिल्या आळ्यापासून शेवटच्या आळ्यापर्यंत. मी तिथंच मोटरीपाशी बसून हमसून हमसून रडले. मागे शिवारात एकेक मोटर लागत गेली, सगळ्यात शेवटी तात्यांची.

तो उन्हाळा डीपी टिकला. बागेची कड गेली, मधली झाडं तगली, आणि पावसाळ्यात अशी फुलली की रस्त्यावरून वास यायचा. आत्या सांगायची, तात्यांचा बरणीवर काही विश्वास बसला नव्हता. लाईट आली की ते स्टार्टरपाशी जाऊन उभे राहायचे आणि कान लावायचे. काकू घाई करायला लागल्या तर म्हणायचे, "थांब. शेवटची लागू दी आदी." आता कळलं ना, तो इंजिनीअर कुठल्या कंपनीचं मॉडेल विचारत होता ते?

पुढे दोनेक वर्षांनी मोठा डीपी आला, नंबरांची गरज उरली नाही. बरण्या उतरल्या. मला तेव्हा पहिली नोकरी लागली होती, पुण्याला, म्हणून आत्याचा निरोप घ्यायला गेले होते. आत्या नुकतंच लोणचं घालून उन्हात ठेवत होती. बांधावरून काकू येताना दिसल्या. मला वाटलं, लिंबांसाठी आल्या असतील. मी पाटी आणायला उठले.

"पाटी नगं," काकू म्हणाल्या, आणि पदराखालून बरणी काढली. त्यांचीच, रुंद तोंडाची. बुडाचं भोक मेणानं बुजवलेलं, माझा नेलपॉलिशचा नंबर अजून तसाच. घासून पण गेला नव्हता, की त्यांनी घासलाच नव्हता, कोण जाणे.

आत्या त्या बरणीकडे बघत राहिली. "लिंबं तोडून देऊ?" तिनं विचारलं.

"लिंबं कशाला?" काकू ओट्यावर नीट मांडी घालून बसल्या. "तुमचं लोनचं द्या. घरात सगळी वाट बगत्यात." आणि आत्यानं लोणच्यात डाव घातला तशी बरणी स्वतःच पुढे सरकवून म्हणाल्या, "भरा की, वरपतूर."